शिडीआधी टोपी

बेटावरच्या माझ्या घराला एक बुरूज आहे आणि त्या बुरुजाला अठरा पायऱ्यांची शिडी आहे. बुरूज मी स्वतः बांधला. दोनशे चाळीस ओंडके तोडले, ओढत आणले, एकावर एक रचले. आणि हे सगळं पुण्यात, सहकारनगरातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत, रात्री साडेदहानंतर, घरचे झोपल्यावर, कानाला हेडफोन लावून केलं. बुरुजावर मात्र मला जाता येत नव्हतं. शिडीच्या सातव्या पायरीवर पाय ठेवला की माणूस जमिनीत जायचा. पडायचा नाही. पडून पाय मोडला असता तर मी काही बोललो नसतो, शिडी म्हटली की ते आलंच. हा सरळ भुईतून आरपार खाली. दोन-तीन सेकंद सगळीकडे करडी पोकळी, वर बघावं तर आपलंच घर तळाकडून दिसतंय, चुलीचा जाळ दिसतोय, दावणीची शेळी दिसतेय. शेळी खालून कशी दिसते हे एरवी मला उभ्या जन्मात कळलं नसतं. मग पडदा काळा व्हायचा आणि अक्षरं यायची: तुमचा मृत्यू झाला आहे. कारण, उपासमार.

मरणाचं एवढं वाटायचं नाही, त्या कारणाचा राग यायचा. पाच मिनिटांपूर्वी मी अख्खं हरीण खाल्लेलं असायचं.

मी एका पतसंस्थेत वसुलीचं काम करतो. बावीस वर्षं झाली. लोक देतो म्हणतात आणि देत नाहीत, त्यातली सगळी भाषा मला पाठ आहे. ‘पुढच्या महिन्यात’ म्हणजे केव्हा, ‘कारखान्याचं बिल आलं की’ म्हणजे केव्हा, आणि ‘साहेब, तुमच्या शब्दाबाहेर आहे का मी’ म्हणजे कधीच नाही, हे मी फोनवरच्या श्वासावरून ओळखतो. अशा माणसाने २०२१च्या दिवाळीत ५२९ रुपये मोजून एक अर्धवट गेम विकत घ्यावा, आणि दुकानात त्याच्यावर ‘हा अपुरा आहे, पुढे बदलेल किंवा बदलणारही नाही’ असं ढळढळीत लिहिलेलं असताना घ्यावा, याला काय म्हणतात ते आमच्या हिने एका शब्दात सांगितलं आहे. शब्द तीन अक्षरी आहे.

या प्रकाराला अर्ली अॅक्सेस म्हणतात. स्टीम या दुकानाने त्याचा वेगळा फलक मार्च २०१३मध्ये लावला, पण वाट त्याआधीच माइनक्राफ्टने पाडून ठेवली होती. माइनक्राफ्ट २००९पासून लोकांच्या हातात कच्चाच पडला, कच्चा असताना स्वस्त विकला गेला, पिकत गेला तसा भाव चढला, आणि नोव्हेंबर २०११मध्ये ‘झाला एकदाचा’ असं जाहीर झालं तोवर लाखो लोकांकडे तो पोचलेला होता. करणाऱ्याच्या हातात वेळेवर पैसा, घेणाऱ्याला स्वस्तात माल, वर ‘आम्ही पहिल्यापासून आहोत’ म्हणायचा मान. यात वाईट काय आहे? मोहोरावरच बाग घेणारे व्यापारी आपल्या कोकणात पूर्वापार आहेत. फक्त मोहोर गळाला तर बागवाला त्याच व्यापाऱ्याला झाडावर सोडायच्या रंगीत माळा विकायला येत नाही, एवढाच काय तो फरक.

स्टीमचं सांगणंही सरळ आहे. आज जसा आहे तसा खेळायला आवडणार असेल तरच घ्या, नाहीतर थांबा. काही जणांचे गेम कधीच पुरे होत नाहीत. कर्जाच्या कागदावर इतकं प्रामाणिक कलम मी बावीस वर्षांत पाहिलेलं नाही. पण कलमं वाचून सही करणारा कर्जदारही मी पाहिलेला नाही.

माझ्या गेमच्या मंडळींनी एक सुंदर रोडमॅप काढला होता. (या शब्दाने मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. मुंबई-गोवा महामार्ग ज्याने पाहिला आहे त्याने रस्ता आणि नकाशा हे दोन शब्द एकत्र ऐकले की खिसा धरावा.) नकाशावर एक वळणदार पायवाट, वाटेवर थांबे. पहिल्या थांब्यावर बोटी, पुढे मासेमारी, पुढे शेजारचं बेट, शेवटी धुक्यात एक किल्ला. बोटींपुढे लिहिलं होतं ‘हिवाळा’. साल नव्हतं. कुठला हिवाळा, त्यांचा का आपला, तेही नव्हतं. मी आपला दर वर्षी मकरसंक्रांतीपर्यंत वाट बघायचो आणि मग तिळगूळ घेऊन गप्प बसायचो. शिडी त्या नकाशावर नव्हतीच. शिडी ‘ज्ञात त्रुटी’ या यादीत होती. ज्ञात त्रुटी म्हणजे घरातल्या एखाद्या काकांचं दारू पिणं असतं तसं: सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी नाकारत नाही, आणि म्हणूनच त्यावर काही करायची घाई नाही.

अपडेट येत नव्हतं असं मात्र नाही. यायचं. आलं की चहा ठेवून मी काय काय बदललं त्याची यादी वाचायला बसायचो. हरणाची शिंगं आता जास्त खरी दिसतील. पावसाचा आवाज सुधारला. काही ठिकाणी गेम अचानक बंद पडत असे, तो आता कमी वेळा बंद पडेल. ‘किरकोळ सुधारणा’ हे कलम प्रत्येक यादीत शेवटी असायचं, लग्नाच्या खर्चात शेवटी ‘इतर’ असतं तसं, आणि तितकंच अथांग. दर वेळी मी यादी मिटून बुरुजापाशी जायचो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. नमस्कार शेळीबाई.

आणि मग मार्च २०२४मधल्या एका मंगळवारी चार जीबींचं अपडेट आलं. चार जीबी! तेवढ्यात शिडीच काय, जिना बसला असता. उतरवून झालं तेव्हा पावणेबारा वाजले होते. गेम उघडला तर पहिल्याच पानावर, ‘खेळा’ आणि ‘बाहेर पडा’ यांच्या मधोमध, एक सोनेरी बटण मंद मंद धडधडत होतं. दुकान.

दुकान काय सांगू तुम्हाला. लक्ष्मी रोडला लाजवील असं. वस्तूवर माउस नेला की वस्तू स्वतःभोवती गिरकी घेते, पडद्यामागून सनईसारखं काही वाजतं, भाव रुपयांत. कुठे अडकत नाही, कुठे हँग होत नाही. ज्या गेममध्ये कोंबडीला हात लावला तर कोंबडी भिंतीत जाते, त्या गेममध्ये पैसे देताना यूपीआय पहिल्या झटक्यात चालतं. पहिल्या दिवशी म्हणे काही लोकांना दुकान उघडत नव्हतं; तो दोष दोन तासांत दुरुस्त झाला, आणि तसं त्यांनी अभिमानाने कळवलंसुद्धा. दोन तास! माझ्या शिडीचं तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं.

माल तीन तऱ्हेचा होता. कुऱ्हाडीला नक्षीदार दांडे. घोड्यासाठी रेशमी झूल. गेममध्ये घोडा अजून आलेला नव्हता, तो नकाशावर मासेमारीच्या पुढच्या थांब्यावर होता. आणि टोपी. साधी नव्हे. लोकरीची गोल टोपी आणि तिच्यावर पंख मिटून बसलेलं एक घुबड. जिवंत दिसणारं, मधूनच डोळे मिचकावणारं. ३४९ रुपये. खाली बारीक अक्षरांत: ‘ही वस्तू केवळ कॉस्मेटिक आहे.’

‘कॉस्मेटिक म्हणजे? लाली-पावडर?’ पाणी प्यायला उठलेल्या हिने खांद्यावरून विचारलं.

मी म्हटलं, तसंच. उपयोग काही नाही, नुसतं दिसायला.

‘मग बुरूज कशाला बांधलात, तोही दिसायलाच आहे की,’ असं म्हणून ती झोपायला गेली.

सई माझ्या बहिणीची मुलगी. बाणेरला एका स्टुडिओत थ्रीडी आर्टिस्ट आहे. परदेशी गेमांना लागणारं सामान तिथे बनतं: खुर्च्या, झाडं, बंदुका, बूट. ही कामं आपल्याकडे बऱ्याच वर्षांपासून होतात. बंगळुरूची ध्रुव इंटरअॅक्टिव्ह १९९७ची, फ्रान्सच्या युबीसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८पासूनचा. परक्या बेटावरची खुर्ची औंध-बाणेरमध्ये तयार झालेली असू शकते, ही गोष्ट मला अजून मनातून पटत नाही. सई कुठल्या गेमसाठी काय करते हे विचारायचं नसतं, कारण तिने कागदावर सही केली आहे. सख्ख्या आईलाही सांगत नाही. मध्यंतरी एकदा वैतागून एवढंच बोलली होती की तीन आठवडे झाले, ती नुसत्या पापण्या करतेय.

रविवारी ती आमच्याकडे मिसळीला येते. त्या रविवारी मी तिच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं.

‘मामा, राग नक्की कशाचा आलाय तुला?’

‘तीन वर्षांत शिडी होत नाही आणि घुबडाची टोपी होते, याचा.’

सई एकदम मिसळीवर लिंबू पिळायला लागली. बराच वेळ पिळत होती. मग म्हणाली, ‘अरे, टोपी करणारा माणूस वेगळा आणि शिडी करणारा वेगळा. टोपीचं काय, आधी चित्र काढायचं, मग मॉडेल, मग रंग, मग ती डोक्याच्या हाडाला बांधायची. पाच-दहा चेहऱ्यांवर बसवून बघायची, केस टोपीतून बाहेर येतायत का बघायचं. संपलं. त्या कामाला शेवट असतो. शिडीला नसतो.’

‘शिडीला अठराव्या पायरीवर शेवट असतो.’

‘तुझ्या बाजूने. गेमच्या बाजूने बघ. माणूस एक तर जमिनीवर असतो नाहीतर पडत असतो, एवढंच त्याला कळतं. शिडीवरचा माणूस जमिनीवरही नाही आणि पडतही नाही. हे त्याला समजावावं लागतं. त्यात तुझ्याबरोबर आणखी चौघं आपापल्या घरून खेळतायत. एकाच्या कम्प्युटरवर तू सहाव्या पायरीवर दिसतोस, दुसऱ्याच्या आठव्या. मग सर्व्हर ठरवतो तू कुठे आहेस.’

‘आणि मला पुरतो.’

‘हो. त्यातून तो कोड ज्याने लिहिला तो सोडून गेलेला असणार. नवा माणूस भीत भीत हात लावतो. शिडी ठीक केली तर दारं उघडायची थांबतात. आणि तुझा तो बुरूज, शेळी, सगळं जुनं साठवलेलं, नव्या शिडीबरोबर जसंच्या तसं उघडलं पाहिजे. नाही उघडलं तर तूच पहिला ओरडशील.’

हे मला मान्य करावं लागलं. शेळी गेली असती तर मी नुसता ओरडलो नसतो. आणि शिडीने माझा एकट्याचाच जीव घेतला असंही नाही. ‘डे-झी’ नावाचा एक प्रसिद्ध गेम आहे, डिसेंबर २०१३मध्ये तो अपुरा विकायला निघाला आणि डिसेंबर २०१८मध्ये पुरा झाला. त्यातली माणसं भुतांनी मारली त्याच्या खालोखाल शिड्यांनी मारली, असं तो खेळलेले लोक अजून गंभीर चेहऱ्याने सांगतात.

‘कबूल,’ मी म्हटलं. ‘गवंडी वेगळा आणि रंगारी वेगळा. पण घर बांधणाऱ्याने तीन वर्षं एक गवंडी आणि सहा रंगारी ठेवले तर मी त्याला विचारायचं की नाही?’

‘त्याला विचार ना. मी रंगारी आहे,’ सई म्हणाली आणि तिने पाव मागितला.

त्या रात्री मी बेटावर गेलो नाही. ऑफिसातली सवय: कर्जदार नवा असला तरी त्याच्या घराण्याची जुनी फाईल काढून बघायची. बिनघोड्याची झूल विकणारे हे पहिलेच नव्हेत, एवढा अंदाज होता. फाईल निघाली ती थेट एप्रिल २००६ची. बेथेस्डा कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ या गेममधल्या घोड्यासाठी चिलखत काढलं, अडीच डॉलरला. तिथे घोडा होता. गेम पूर्ण होता, आणि फार चांगला होता. तरीही जग कंपनीला हसलं. इतकं हसलं की ‘घोड्याचं चिलखत’ ही या धंद्यात शिवी होऊन बसली. कंपनी मात्र खिलाडू निघाली. १ एप्रिल २००९ला तिने बाकी सगळ्या जोडसामानाचे भाव निम्मे केले आणि चिलखताचा तेवढा दुप्पट. २०२५मध्ये त्याच गेमची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्या महागड्या पॅकमध्ये पुन्हा घोड्याचं चिलखत होतं. या खेपेला कोणी फारसं हसलं नाही. एकोणीस वर्षांत हसणारे दमले.

टोप्यांचं घराणं वेगळं. ‘टीम फोर्ट्रेस टू’मध्ये त्या २००९मध्ये आल्या, २०१०मध्ये त्यांचं दुकान निघालं, आणि पुढच्याच वर्षी तो गेम फुकट झाला. इथे माझं काही म्हणणं नाही. गेम फुकट आणि कपडे विकत, हा रोख व्यवहार आहे. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा बीजीएमआय खेळतो. एक पैसा न देता खेळतो, आणि वाढदिवसाच्या पैशांतून कोट घेतो. त्याच्या बापाला तो कोट कपाटात सापडत नाही म्हणून बाप चिडतो, पण ते बापाचं अज्ञान आहे. ‘फोर्टनाइट’ची तर कमाल: २०१७मध्ये त्याने अर्ली अॅक्सेसचा बिल्ला लावला तो २०२०च्या जूनअखेरीस काढला. तोवर साऱ्या जगातली पोरं अधिकृतपणे अपुऱ्या असलेल्या गेममधले पोशाख घालून नाचत होती. लढाईचा भाग फुकट होता, त्यामुळे कोणाला बिल्ल्याची आठवणही नव्हती.

चिडचीड सुरू होते ती तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला आत पुन्हा गल्ला दिसतो तेव्हा. २०१७मध्ये पब्जी कम्प्युटरवर असाच अपुरा आणि विकत होता. पुरा होईपर्यंत आत काही विकणार नाही, असं सांगून झालं होतं. ऑगस्टमध्ये पेट्या आल्या. पेटी मिळते, पण ती उघडायची किल्ली अडीच डॉलरला. ही नुसती चाचणी आहे, असं सांगण्यात आलं. अडीच डॉलर मात्र चाचणीचे नव्हते. ‘आर्क’ने त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०१६मध्ये, गेम अपुरा असतानाच वीस डॉलरची वेगळी पुरवणी विकायला काढली होती. म्हणजे मुख्य जेवणातला भात शिजायचाय आणि वाढपी विचारतोय, आइस्क्रीमचं कूपन घेणार का.

आणि मग आमच्या भाषेत ज्याला मोठं खातं म्हणतात ते. ‘स्टार सिटिझन’. ख्रिस रॉबर्ट्स यांनी २०१२मध्ये लोकांकडून पैसे गोळा करायला सुरुवात केली. अंतराळातला गेम, २०१४मध्ये येणार असं ठरलेलं. आजवर लोकांनी ७० कोटी डॉलरच्या वर पैसे दिले आहेत, आणि गेम अजून पुरा नाही. लोक घेतात काय? जहाजं. काही जहाजांचं तर अजून नुसतं चित्रच असतं, ते चित्र बघून घेतात. २०१८मध्ये यांनी एक जहाजांचा संच काढला होता, किंमत २७,००० डॉलर. तेव्हाच्या दराने अठरा लाख रुपये झाले. गंमत पुढेच आहे: हा संच बघायला मिळण्यासाठी आधी १,००० डॉलर खर्च केलेले असावे लागत. हे वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. माझ्या संस्थेत असं करता आलं असतं तर! थकबाकीदार आपण होऊन रांगेत उभा आहे, पुढचं कर्ज आपल्याला देतोय, आणि फॉर्म बघायचेही पैसे भरतोय.

फ्लॅटच्या बाबतीत आपल्याकडे निदान आता रेरा आहे. २०१६चा कायदा, आणि २०१७पासून महाराष्ट्रात महारेरा. गिऱ्हाइकांकडून घेतलेल्या पैशांतले ७० टक्के त्याच इमारतीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. त्याआधीच्या काळात मी फ्लॅट घेतला. लिफ्ट यायच्या आधी आमच्या इमारतीच्या दारात कारंजं आलं होतं. चौथ्या मजल्यावर सिलिंडर चढवताना मी दर वेळी त्या कारंज्याकडे बघायचो. घुबडाची टोपी पाहिल्यावर मला नेमकं ते कारंजं आठवलं.

पण उशीर झाला म्हणून लोक चिडतात, हे मला त्या फाइली चाळून झाल्यावर पटेनासं झालं. ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’ बघा. नोव्हेंबर २०१३पासून स्टीमवर अपुराच आहे. करणाऱ्यांच्या घरी २०११मध्ये चोरी झाली, लॅपटॉप गेले, त्यात लिहिलेलं कितीतरी गेलं. एक मोठं अपडेट डिसेंबर २०२१मध्ये पक्कं झालं, तर त्याच्या पुढचं कच्च्या स्वरूपात यायला डिसेंबर २०२४ उजाडला. तीन वर्षं! आणि लोक त्यांच्यावर जीव टाकतात. कारण त्यांच्याकडे टोपी विकत मिळत नाही. उशीर आहे, पण गल्ला नाही. माझ्याकडेही असा एक कर्जदार आहे, सासवडचा. सहा वर्षं हप्ते लांबवतोय, पण दर महिन्याला स्वतः येतो, पाचशे का होईना भरतो, आणि त्याच्या पायात तीच जुनी चप्पल असते. त्याला मी चहा देतो. दुसरा हप्ता चुकवतो आणि नव्या बुलेटवरून येऊन मुदत मागतो. रक्कम दुसऱ्याची कमी आहे. फोन मी दुसऱ्याला करतो.

टोपीचं दुखणं हे बुलेटचं दुखणं आहे. टोपी येईपर्यंत मी समजत होतो की कुठल्याशा थंड देशात तीन-चार पोरं अंधाऱ्या खोलीत माझ्या शिडीपाशी डोकं धरून बसली आहेत, त्यांना जमत नाहीये बिचाऱ्यांना. टोपी आली आणि कळलं की त्यांना जमतं. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या भावात, डोळे मिचकावणारं घुबड त्यांना जमतं. ‘हेडीस’ करणाऱ्यांनी डिसेंबर २०१८मध्ये अपुरा गेम विकायला काढला आणि सप्टेंबर २०२०मध्ये पुरा करून हातात ठेवला, तेही लोकांचं ऐकत ऐकत. म्हणजे या धंद्यात वेळेवर परतफेड होतच नाही असंही नाही.

फेब्रुवारी २०२५मध्ये स्टीमने एक चांगली गोष्ट केली. एखाद्या अर्ली अॅक्सेस गेमला बराच काळ अपडेट आलं नसेल, तर ‘शेवटचं अपडेट इतक्या महिन्यांपूर्वी’ अशी पाटी त्याच्या पानावर दिसायला लागली. थकबाकीदारांची नावं संस्थेच्या दारात लावावी तशी. मी उत्साहाने माझ्या गेमचं पान उघडलं. पाटी नव्हती. अपडेट अकरा दिवसांपूर्वीच आलेलं होतं: घुबडाचा पांढरा रंग.

आता एक कबुली द्यायची राहिली आहे. मी ती टोपी घेतली.

कशी घेतली ते सांगतो, म्हणजे कळलं तर मलाही सांगा. रात्रीचे पाऊण वाजले होते. मी नुकताच उपाशी मेलो होतो. पुन्हा बेटावर यायला मिनिटभर लागतं, त्या मिनिटात ते सोनेरी बटण धडधडत होतं. आणि मला एवढंच दिसलं की या अख्ख्या बेटावर दाबलं की नक्की होतं असं ते एकच बटण आहे. मराठीत फसवण्याला टोपी घालणं म्हणतात. पण त्यात घालणारा दुसरा असतो, ज्याच्या डोक्यावर बसते त्याला पत्ता नसतो. पैसे देऊन, पिन टाकून, आरशात बघून स्वतःच्या हाताने घालून घ्यायची सोय आपल्या पूर्वजांना सुचली नव्हती. खातं जॉइंट आहे. सकाळी चहाबरोबर प्रश्न आला, ‘रात्री पाऊण वाजता तीनशे एकोणपन्नासचं काय खाल्लंत?’

मी घुबड म्हणालो नाही. मिसळ म्हणालो. पाऊण वाजता मिसळ कुठे मिळते, हा पुढचा प्रश्न तिने विचारला नाही, हे तिचे उपकार.

टोपी छान होती, हे सांगायला हवं. समुद्रावरून वारा आला की पिसं हलायची. संध्याकाळी शेकोटीजवळ बसलो की घुबडाच्या डोळ्यांत जाळ दिसायचा, आणि ते मिचकावणं असं होतं की वरची पापणी अर्धी येऊन क्षणभर थांबे, मग पुरी मिटे, एखाद्या पेन्शनराने दुपारी पेपर वाचताना मिटावी तशी. कोणीतरी जीव लावून केलं होतं ते. मी तासतास नुसता बसून राहायचो. स्टीम म्हणतं, या गेमात माझे ६१२ तास झालेत. एवढे तास मोडून वर ‘घेऊ नका, फसवणूक आहे’ असं पोटतिडकीने सांगणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. पूर्वी मला त्यांचं हसू यायचं. पण आमच्या ऑफिसातले एक जण ज्या खाणावळीत बारा वर्षं जेवतात, तिच्या आमटीला रोज नावं ठेवतात, आणि ती एक दिवस बंद असली तर दारात उभे राहून कासावीस होतात. उपाशी माणसाला आमटीबद्दल मत नसतं.

२०२५च्या गणपतीत अपडेट आलं. यादीत पहिलंच कलम: ‘शिडी. सातव्या पायरीचा प्रश्न सुटला आहे. तुमच्या संयमाबद्दल आभारी आहोत.’ मी दोनदा वाचलं. आरती चालू होती, मी टाळ हातात घेऊन मोबाइलवर वाचत होतो. रात्री बुरुजापाशी गेलो. एक, दोन, तीन. सहाव्या पायरीवर थांबलो, इतक्या वर्षांच्या सवयीने शेळीकडे बघून घेतलं. सात. लाकूड पायाखाली करकरलं. आठ, नऊ, दहा. खालची शेळी पहिल्यांदाच वरून दिसली आणि वरून ती फारच सामान्य दिसते. सतरा. अठरा. डोक्यावर बुरुजाची चौकोनी झडप होती, ती आपोआप उघडली, आभाळ दिसलं, आणि मी अडकलो.

पुढेही नाही, मागेही नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. टक् असा एक लहानसा आवाज यायचा आणि माणूस अठराव्या पायरीवर खिळून राहायचा. खाली उतरलो, टोपी काढून ठेवली, चढलो, भस्सकन वर. समुद्र, धुकं, दूरवर ते दुसरं बेट, सगळं. पण डोक्याला एकदम उघडंउघडं वाटलं. खाली आलो, टोपी घातली, चढलो. टक्.

रविवारी सई आली तेव्हा तिच्यापुढे लॅपटॉप ठेवून मी चढून दाखवलं. ती घास तोंडात धरूनच वाकली, झडपेच्या कडेला लागलेलं घुबडाचं डोकं तिने नीट पाहिलं, आणि कपाळावर हात मारून म्हणाली, ‘तरी मी त्यांना म्हटलं होतं, दोन बोटं खाली घेऊ या का म्हणून, तर म्हणाले वर कुठे...’

मग ती थांबली. माझ्याकडे बघितलं, पापणी अर्धी मिटली, क्षणभर तशीच राहिली, मग पुरी मिटली.

‘मामा,’ ती म्हणाली, ‘लिंबू आहे का रे?’